वाजतं ते सगळं सोनं नसतं!

जळगावच्या माणसाला दोन विषयांवर बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. एक ऊन आणि दुसरं सोनं. उन्हावर तो मे महिन्यात बोलतो, सोन्यावर बाराही महिने. मी नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हापासून ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं रे ठरलं, की डेस्कवर प्रश्न येतोच, ‘तू जळगावचा ना? सोनं तिकडून घेतलं तर काही फरक पडतो का रे?’ आता काय सांगणार, कप्पाळ! १८५४ पासूनची पेढी आमच्याकडे आहे, रतनलाल बाफनांनी १९७४ साली सुरू केलेलं दुकान आहे, सुभाष चौकातल्या सराफ बाजारात लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते, हे सगळं खरं. त्यात २०२५च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला, तेव्हा तर आमच्याकडे क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा लोक भाव विचारत होते.

पण विकत घेतलेल्या सोन्यावर बोलणारे ढीगभर आहेत. मला हल्ली इंटरेस्ट आहे तो हरवलेल्या सोन्यात!

खान्देशातला कुठलाही पेपर उघडा. आतल्या पानावर ‘महिलेची मंगलपोत लांबवली’ ही बातमी सापडणारच. ती चोरीची झाली. पण जे कुणी चोरत नाही, नुसतंच पडतं, घरंगळतं, वाहून जातं, त्याची बातमी होत नाही. विसर्जनाला घाटावर बोटातून निसटलेली अंगठी. कपडे धुताना गेलेलं जोडवं. सहलीला पाण्यात पाय सोडून बसलेल्या मैत्रिणीच्या कानातला एकच टॉप. (दुसरा ती वर्षानुवर्षं डबीत ठेवते, मोडतही नाही.) यामागे साधं सायन्स आहे. गार पाण्यात बोटं किंचित बारीक होतात, वर साबण नाहीतर तेल. उन्हाळ्यात घट्ट बसणारी अंगठी पाण्यात गेली की सैल झालीच म्हणून समजा.

अमेरिका, इंग्लंडकडे या हरवण्यावर अख्खा छंद उभा आहे. तळ्याकाठी, समुद्रकाठी वीकेंडला हेडफोन लावून, हातात लांब दांडा घेऊन माणसं चालत असतात. लग्नाची अंगठी हरवली की गाठायची अशी शोधणाऱ्यांची यादीसुद्धा तिकडे आहे. बीबीसीने तर २०१४ ते २०१७ या काळात ‘डिटेक्टरिस्ट्स’ नावाची सिरियल केली, दोन मित्र शेतात बीप-बीप करत हिंडतात एवढीच तिची स्टोरी. आणि २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एका माणसाला साध्या शेतात अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा एवढा साठा सापडला, की त्याची किंमत तीस लाख पौंडांच्या वर लागली. हे वाचल्यावर कुठल्या जळगावकराचे हात शिवशिवणार नाहीत?

माझे शिवशिवले. दहा-बारा हजारांचं मशीन मागवलं. बॉक्स उघडताना रूममेट म्हणाला, ‘एवढ्यात गोवा झालं असतं यार.’ झालं असतं. पण गोव्याला सगळेच जातात.

यंत्र काय ऐकतं?

फंडा सोपा आहे. दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. तिच्यात तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट वीज खेळते, त्याने जमिनीत चुंबकीय क्षेत्र जातं. खाली धातू असला तर त्या धातूत भोवऱ्यासारखी वीज फिरायला लागते आणि तिचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं ते ऐकतं आणि बीप! परत यायला किती उशीर झाला त्यावरून लोखंड की तांबं, चांदी की शिसं, याचा अंदाज पडद्यावर आकड्यात दिसतो.

टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली हेच तत्त्व वापरून यंत्र बनवलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती, ती शरीरात कुठे अडकलीय ते शोधायला. सापडली नाही. गादीतल्या स्प्रिंगा लोखंडाच्या होत्या, त्या मध्ये मध्ये वाजत राहिल्या. गारफिल्ड वाचले नाहीत. हे वाचताना वाटलं होतं, किती साधी गोष्ट, गादी बदलायची ना! आता वाटत नाही. कारण खान्देशात गादी बदलता येत नाही. आपण उभेच तिच्यावर असतो.

म्हणजे काय, तर आपली सगळी जमीन बसाल्टची. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, त्याचीच झीज होऊन झालेली काळी माती. या दगडात मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचंच एक रूप. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक नदीच्या वाळूतून फिरवा, दोन मिनिटांत त्याला काळी मिशी फुटते. ही मिशी यंत्राला सतत वाजते. इंग्लंडच्या कुरणात चालणारा माणूस शांततेत बीप ऐकतो, आपण वरातीत उभं राहून फोन ऐकल्यासारखं ऐकतो. ‘ग्राउंड बॅलन्स’ नावाचं बटण असतं, त्याने थोडं शांत होतं. थोडंच.

वर सोन्याचा स्वभाव. चांदी खणखणीत वाजते, तांबं वाजतं. पण सोन्याची बारीक वस्तू ज्या आकड्यावर वाजते, त्याच आकड्याच्या आसपास गोळ्यांच्या पाकिटाची चांदीही वाजते. कचऱ्याचा आवाज बंद केला की सोनंही बंद! आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेन. तुम्हाला वाटेल, अंगठीपेक्षा चेन मोठी, लगेच सापडेल. उलट! यंत्राला अख्खी साखळी दिसतच नाही, एक-एक कडी वेगळी दिसते, आणि एवढीशी कडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन तोळ्यांची नाजूक चेन शांत पडून राहते आणि कोल्ड्रिंकचं बूच बोंब मारतं. मंगळपोतीतले काळे मणी तर काचेचे, त्यांचा आवाज शून्य. वाजल्या तर दोन वाट्या.

मेहरुणचं खोदकाम

पहिला प्रयोग मेहरुण तलावावर. जळगावबाहेरच्यांसाठी सांगतो, मेहरुण म्हणजे आमचा चौपाटी, जॉगिंग ट्रॅक आणि लव्हर्स पॉइंट, तिन्ही एकत्र. मेहरुणची बोरं फेमस. गणपतीला इथेच शहर लोटतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडतो, तो माझा बीच!

सकाळी सहाला गेलो, नाहीतर नंतर ऊन मारतं. पहिल्या तासात जमलेली इस्टेट अशी: बाटल्यांची बुचं सतरा, खिळे मोजले नाहीत, तारांचे तुकडे (मूर्तीच्या सांगाड्याचे असावेत), मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं तीन, एक रुपयाची नाणी पाच, एक कुलूप बंद अवस्थेत. आणि प्रेक्षक नऊ. जॉगिंगवाले एक काका थांबले.

‘काय शोधून राह्यला भो?’

‘काही नाही काका, हॉबी आहे.’

‘हॉबी?’ त्यांनी माझ्याकडे, मग यंत्राकडे पाहिलं. ‘सर्व्हे आहे का? रस्ता जाऊन राह्यला का इथून?’

नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. जाताना त्यांनी पुढच्या माणसाला ‘सर्व्हेवाला’ असंच सांगितलं. नंतर एक पोलीस येऊन विचारून गेले. त्यांना मी सगळं उकरलेलं दाखवलं, बुचांची पिशवी उचलून त्यांनीच हसून परत दिली. भरलेले खड्डे पाहून म्हणाले, ‘हे बरं करतो.’ (खड्डा बुजवायचाच, हा या छंदाचा पहिला नियम. दुसरा, कचरा परत तिथेच टाकायचा नाही.)

तिसऱ्या सकाळी एक चांदीचं जोडवं मिळालं. काळंठिक्कर, दोन वेढ्यांचं. हातात घेतल्यावर मात्र गंमत थोडी ओसरली. बूच कुणाचं नसतं. जोडवं कुणाच्या तरी पायातलं असतं. आपल्याकडे ‘सापडलं त्याचं’ असं लहानपणी म्हणतात, कायदा तसं म्हणत नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७१ सांगतं, की सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतली की तुम्ही ती ठेव म्हणून सांभाळायची. मालकाचा शोध घ्यायला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागता येतं. पण मालक शोधण्याचा सरळ प्रयत्न न करता खिशात घातली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहेच. आणि जमिनीत दडवलेलं गुप्तधन असेल तर आणखी जुना, १८७८चा कायदा. दहा रुपयांच्या वर किंमत असली की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! त्या काळी सोनं काय भाव होतं आणि आज काय, कायद्यातला आकडा मात्र तोच.

म्हणूनच जुन्या गढ्या, पांढरीच्या टेकाडांवर मी यंत्र नेत नाही. बहाळ, प्रकाशे, सावळदा ही नावं पुरातत्त्वाच्या पुस्तकात आहेत, गिरणा-तापीच्या काठी तीन-चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती होती. तिथे एक खड्डा म्हणजे पुस्तकाचं एक पान फाडणं. तळ्याकाठचं कालपरवाचं हरवलेलं तेवढं आपलं कुरण.

जोडव्याचं काय केलं? काठावरच्या चहाच्या टपरीवर सांगून ठेवलं. कुणी आलंच तर आधी किती वेढ्यांचं ते विचारा, मग मला फोन करा. अजून कुणी आलेलं नाही. सोन्याचं आणि नव्या काळातलं असेल तर थोडं सोपं जातं. २०२३च्या एप्रिलपासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी लागतो. तो बीआयएसच्या ॲपमध्ये टाकला की ज्वेलर कोण ते कळतं. म्हणजे निदान कुठल्या दारात जाऊन विचारायचं ते तरी समजतं.

विसर्जनाचे किस्से तर विचारूच नका. २०२४ साली बंगळुरात एका जोडप्याने गणपतीच्या गळ्यात खरी साखळी घातली, साठ ग्रॅमची, आणि फुलांच्या हारांत ती विसरून मूर्ती तशीच फिरत्या टाकीत सोडली. दहा तास शोध चालला, सुमारे दहा हजार लिटर पाणी उपसलं, तेव्हा मिळाली. टाकी होती म्हणून मिळाली. तळ्यात तळ कुठे उपसणार? आणि आपल्या काळ्या मातीची खोड वेगळीच. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. मेमध्ये पडलेली अंगठी भेगेतून खाली जाते, जूनच्या पावसात माती फुगते आणि भेग मिटते. माती तोंड बंद करून बसते. माझं यंत्र अंगठीएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत ओळखतं, तेही तिचा मूड असला तर.

कानबाईची वाटी

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

आमची आत्या धुळ्याला असते. श्रावणात तिच्याकडे कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्या वाचकांना कानबाई माहीत नसते, म्हणून थोडक्यात: नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात देवी बसवायची, तिला साडी, नथ, पोत, घरातले खरे दागिने चढवायचे. रोटाचा स्वयंपाक, रात्रभर गाणी. सगळी भाऊबंदकी एका छताखाली, एरवी तोंड न बघणारेही. सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन नाचत-गात नदीवर. तिथे पाण्याशी देवीचे दागिने उतरवून घ्यायचे आणि निरोप द्यायचा.

त्या वर्षी दागिने उतरवायचं काम नव्या वहिनीकडे आलं. माझ्या आतेभावाची बायको, लग्नाला चार महिने झालेले. पांझरेच्या काठी ही गर्दी, पाय ठेवायला चिखल, ढोल कानात. घरी आल्यावर पदराची गाठ सोडली तर मोठ्या काकूंच्या पोतीतली एक वाटी कमी. एकच. ओवलेला दोरा तुटलेला.

वाटी जेमतेम दीड-दोन ग्रॅमची. पण मोठ्या काकूंना ती त्यांच्या सासूने घातलेली. कुणी काही बोललं नाही. खान्देशात भांडण झालं तर चार गल्ल्या ऐकतात, पण न बोलण्याचं भांडण झालं तर घर आतून सोलून निघतं. ‘तिच्याच हातात होतं ना सगळं’, एवढं एक वाक्य स्वयंपाकघरात कुणीतरी टाकलं आणि ते राहिलं. काही दिवसांनी आतेभावाचा फोन आला. म्हणाला, ‘तुझं ते मशीन घेऊन येतो का? ती माहेरी जाते म्हणतेय. एकदा गेली तर...’ पुढचं बोलला नाही.

शनिवारी पहाटे धुळ्याला उतरलो. वहिनी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, ‘भाऊजी, नाही मिळाली तरी तुम्ही दिवसभर शोधलं असं सांगा. अर्ध्या तासात परत येऊ नका.’ तिला वाटी मिळण्याची आशा नव्हती. तिला फक्त कुणीतरी शोधतंय हे दिसायला हवं होतं.

नदीचं पाणी तोवर ओसरलं होतं. आतेभाऊ आणि मी, दोघांनी सकाळभर काठ विंचरला. बीप, खिळा. बीप, नाणं. बीप, देवीच्या साडीच्या फॉलला लावलेली सेफ्टी पिन. ऊन चढलं तसं यंत्र कावलेल्या म्हशीसारखं सलग हंबरायला लागलं. खाली ती काळी मिशीवाली वाळू! काठावर कपडे धुणाऱ्या एका आजींनी विचारलं, ‘काय सापडनं का भाऊ?’ नाही म्हटल्यावर म्हणाल्या, नदी कधी कुणाचं ठेवून घेत नाही, उशिरा देते. आजींना बोलायला काय जातंय!

दुपारी झाडाखाली डबा खाताना मला सराफ बाजार आठवला.

जळगावच्या सराफ बाजारात दुकानं उघडायच्या आधी, अगदी पहाटे गेलात तर काही माणसं दिसतील. हातात ब्रश, सुपडी, पोतं. ती रस्ता झाडत नसतात, टिपत असतात. पायऱ्यांच्या सांध्यातली धूळ, कारागिरांच्या दुकानाबाहेरचा केर, गटारातला गाळ. हे झारेकरी. शब्द जुना आहे, धंदा त्याहून जुना. सोनाराकडे कानस चालते, घासकाम होतं, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे कण उडतात, कपड्याला, चपलेला लागून बाहेर येतात. झारेकरी तो केर घेऊन घमेल्यात पाण्याने धुतो. माती हलकी, ती पाण्याबरोबर जाते. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट, म्हणून शेवटी तळाशी उरतं ते जड. त्यातलं लोखंड चुंबकाने काढायचं. उरलेल्यात पारा घातला की तो सोन्याचे कण धरतो, मग तापवून पारा उडवायचा, तेजाबात बाकीचा धातू विरघळवायचा. पाऱ्याची वाफ फुप्फुसात जाते, तेजाब हात खातं. चमचमत्या शोरूमच्या दारातली ही मंडळी कुठल्याच जाहिरातीत नसतात.

त्यांच्यातल्या एका काकांशी माझी ओळख होती. कॉलेजात असताना पेपर टाकायला त्या रस्त्याने जायचो, तेव्हापासूनची. फोन केला. म्हणाले, ‘यष्टीचं भाडं आणि एक रोजी. मिळालं तर तुमच्या मनाने.’ रविवारी सकाळच्या बसने एरंडोल, पारोळा करत आले, हातात एक पसरट घमेलं आणि खिशात विडी.

त्यांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. आधी वहिनीलाच नदीवर आणायला सांगितलं. ‘तू कुठं उभी होती बेटा? तोंड कुठं होतं? पाणी कुठवर?’ वहिनी बिचकत काठावर उभी राहिली. चौरंग कुठे ठेवला, गाठ कुठे मारली, मागून धक्का कुठे बसला, सगळं दाखवलं. त्या दिवसानंतर तिला एवढे प्रश्न सरळ, शंका न घेता कुणी विचारलेच नव्हते, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

मग काका माझ्याकडे वळले. ‘तुमचं हे लोखंडाला वाजतं ना?’

‘लोखंडालाच जास्त वाजतं काका, तोच तर प्रॉब्लेम आहे.’

‘मग झालं. इथून खाली जा. जिथं लई खिळे, लई नाणी एका जागी वाजतील तिथं थांबा.’

च्यायला! दोन दिवस मी लोखंड टाळायला बघत होतो. यांचा हिशोब उलटा: पाणी जड वस्तू जिथे टाकतं तिथे सगळ्याच जड वस्तू टाकतं. खिळा थांबला तिथे नाणं थांबतं, नाणं थांबलं तिथे वाटी. मी फिल्टर काढून टाकला, सगळं वाजू दिलं. वहिनी उभी होती तिथून पंधरा-वीस पावलांवर, एका मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला यंत्र असं कोकललं, की हेडफोन काढावा लागला. काकांनी तिथला गाळ फावड्याने ओढला आणि घमेलं हातात घेतलं.

ते बघायला पाहिजे तुम्ही. घमेलं पाण्यात अर्धं बुडवून, मनगटाने गोल, मध्येच हलका हिसका. वरचा गढूळ थर ओठावरून निसटतो. पुन्हा गोल. घाई नाही, जोर नाही. एकेक घमेलं दहा मिनिटं. तळाशी काळी वाळू, खिळे, एक-दोन नाणी. रिकामं. पुढचं. सातवं झालं, आठवं झालं. आतेभाऊ सिगारेट शोधत लांब गेला. वहिनी हलली नाही.

अकरावं की बारावं असेल. काकांनी बोटाने काळी वाळू बाजूला सारली आणि काहीच न बोलता घमेलं वहिनीपुढे धरलं. चिखलाने भरलेली, उलटी पडलेली, शेंगदाण्याएवढी वाटी. पत्रा इतका पातळ आणि आत गच्च गाळ. माझ्या यंत्राने तीस सेंटिमीटरवरून तिला ऐकलं नसतं, तिच्या शेजारचे खिळे मात्र ऐकले.

घरी काय झालं, ते सिनेमासारखं नव्हतं. मोठ्या काकूंनी वाटी पाण्याने धुतली, देवापुढे ठेवली, वहिनीला म्हणाल्या, ‘चहा ठेव सगळ्यांना.’ एवढंच. स्वयंपाकघरात ते वाक्य कुणी टाकलं होतं हे कुणी काढलं नाही, काढायची पद्धतही नाही. काकांना पैसे देताना आत्याने वरती साडीचा खण दिला, त्यांच्या घरच्यांसाठी. ते गेल्यावर वहिनी गॅससमोर उभी होती. मी म्हटलं, ‘सुटलात वहिनी.’ ती म्हणाली, ‘भाऊजी, मिळाली म्हणून सुटले. नसती मिळाली तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनेच चहात साखर घालता घालता सांगितलं, ‘पुढच्या वर्षी दागिने मी नाही उतरवणार. आत्याबाईंना आत्ताच सांगून ठेवते.’ आणि खरंच, कप बाहेर नेऊन ठेवताना सगळ्यांसमोर तिने ते सांगितलं. चार महिन्यांची सून! मोठ्या काकू म्हणाल्या, ‘बरं. मी उतरवेन.’

त्या माहेरी गेल्या, पण रक्षाबंधनाला, आणि चार दिवसांत परत आल्या.

काकांना मी बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. बस लागायला वेळ होता, त्यांनी पहिल्यांदाच यंत्र हातात घेतलं, स्टँडच्या फरशीवर फिरवलं, खालच्या सळया वाजल्या तसे हसले. मी विचारलं, नाशकात रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, ते पाहिलंय का? म्हणाले, ‘पाहिलंय. चुंबकाला सोनं चिकटत नाही म्हणून तर आमचं घर चालतं.’ मग जरा थांबून, ‘आता तेही कमी. कारागीर खाली गालिचा टाकतात, केर स्वतःच विकतात. भाव वाढला ना, आता धूळपण कुणी फुकट सांडत नाही.’ त्यांचा मुलगा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. या कामाला तो येत नाही, आणि त्याने येऊ नये असंच काकांना वाटतं. पाऱ्यामुळे.

यंत्र सध्या माझ्याकडे नाही. चोपड्याचे मामा घेऊन गेलेत. त्यांच्या केळीच्या बागेत ट्रॅक्टरची पिन पडली, ती शोधायला. पिन पहिल्याच दिवशी सापडली म्हणे, पण आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पिना, पाने, विळे असं बुकिंग लागलंय. परवा फोनवर मामा विचारत होते, बॅटरी कुठली लागते आणि दिवसाचं भाडं किती घ्यायचं.